सुधाताईंचं घड्याळ

“मी काय, नुसती टेबलापाशी बसते.” कुणीही काही विचारलं, की सुधाताईंचं हे एवढंच उत्तर. जर्मनीत, डार्मश्टाटच्या मराठी मंडळात नव्याने आलेली एखादी मुलगी गणपतीच्या जेवणात विचारायची, काकू, तुम्ही इथे काय करता? काकांचं सॉफ्टवेअर, मुलगा नील ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि काकू टेबलापाशी. ऐकणारीला वाटायचं, कुठल्यातरी ऑफिसातलं टेबल असेल. सुधाताई तिच्या ताटात आणखी थोडा मसालेभात वाढायच्या आणि पुढे जायच्या.

ते टेबल बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला होतं. डार्मश्टाटहून ट्रामने गेलं, की शेवटच्या थांब्याशी एर्लेनहाउझेन लागतं. मागे जंगल, पुढे शतावरीची शेतं, आणि मधे बुटक्या छपराचा खेळाचा हॉल. तिथला क्लब एका इंग्रज मास्तराने काढलेला. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणीगावात तो तरुणपणी एका लहान क्लबकडून खेळायचा. इथे शाळेत शिकवायला आला आणि राहिला. जर्मन पोरांना द्यायला कपडे नव्हते, म्हणून त्याने आपल्या जुन्या क्लबला कळवलं. तिकडून गाठोडं आलं, धुऊन धुऊन विटलेल्या हिरव्या बनियनांचं. तेव्हापासून एर्लेनहाउझेनचा रंग तोच, विटका हिरवा. नवे कपडे शिवून घेतानाही तो तसाच विटका मागून घेत. पुढे तिकडचा तो क्लब बुडाला, त्याचं नाव त्याच्या गावातही कुणी घेईना. इकडे त्याचा रंग मात्र दर शनिवारी धावत होता.

मग अमेरिकन छावणीतले शिपाई येऊन खेळू लागले, तेव्हा हॉलला भरती आली. त्यांतला एक इतका उंच उडायचा, की त्याचं डोकं तुळईला लागलं होतं. छावणी उठली आणि तेही गेले. तरी क्लब एकदा प्रादेशिक लीगपर्यंत चढला आणि चिवटपणे तिथेच टिकून राहिला. हे सगळं सुधाताईंनी क्लबच्या अध्यक्षा फ्राऊ केस्लर यांच्याकडून ऐकलेलं, दोन सामन्यांच्या मधल्या कॉफीवर, तुकड्या-तुकड्यांनी.

सुधाताई टेबलाशी पोहोचल्या त्या अंड्यामुळे. नील दहा वर्षांचा असताना इथे खेळू लागला. इथली रीत अशी, की मुलगा खेळला की आईबापांनाही काम लागतं. कुणी केक आणायचा, कुणी कपडे धुवायचे, कुणी गाडी काढायची. सुधाताईंच्या घरात अंडं येत नव्हतं, आणि त्यांनी आणलेल्या बिनअंड्याच्या केकचा एक तुकडा तेवढा संपला, तोही फ्राऊ केस्लर यांनी खाल्ला. त्यांनीच मग हाताला धरून यांना टेबलावरच्या घड्याळापाशी, सामन्याची वेळ राखायला बसवलं. नील मोठा झाला, शहर सोडून गेला. आई तिथेच राहिली.

तिथे बसण्याचा धर्म वेगळा. टेबलावरची माणसं यजमान क्लबची, पण त्यांनी क्लबचा रंग अंगावर घालायचा नाही, टाळी वाजवायची नाही. सोयरीक दोन्ही घरांत असलेल्या बाईने लग्नात बसावं, तसं बसायचं. चेंडू सुटला की सगळा हॉल चेंडूबरोबर वर बघतो. सुधाताईंनी आपल्या नजरेला खेळाडूच्या हाताशी थांबायला शिकवलं होतं. शेवटच्या भोंग्याआधी चेंडू हातातून सुटला असेल तरच गुण धरतात; तो सुटला होता की नव्हता, हे रेफ्रीला कळलं नाही तर तो त्यांनाच विचारी.

गेल्या मोसमात क्लबला उतरती कळा लागली. सभासदांनी ठराव केला, की लीगमधून खाली घसरलो तर शेजारच्या मोठ्या क्लबात विलीन व्हायचं. नाव त्यांचं, रंग त्यांचा, हॉल त्यांचा. टेबलही त्यांचंच.  सुधाताई सभेहून घरी आल्या तेव्हा काका, म्हणजे श्रीरंगराव, म्हणाले, बरंच झालं, शनिवार मोकळे होतील. त्यावर सुधाताईंनी कुकरची शिटी जरा जास्तच होऊ दिली.

शेवटचा सामना घरच्या हॉलमध्ये होता. जिंकलं तर राहायचं, हरलं तर संपलं. श्रीरंगराव कधी येत नसत, त्या दिवशी आले आणि टेबलाच्या मागच्याच बाकावर बसले. पाहुण्यांकडून एक सावळा, लांब हातांचा मुलगा खेळत होता. नावांची तपासणी करताना त्याचं नाव वाचून सुधाताईंनी हळूच विचारलं होतं, कुठले तुम्ही? तो म्हणाला, कराडचा, काकू. उत्कर्ष. इथे युनिव्हर्सिटीत आहे. श्रीरंगराव तेव्हा बाहेर गाडीला जागा शोधत होते.

सामना अगदी दोरीवर चालल्यासारखा गेला. शेवटी एर्लेनहाउझेन एका गुणाने मागे आणि चेंडू त्यांच्याच हातात. लुकास नावाचा त्यांचा पोरगा कोपऱ्यातून उडाला. भोंगा वाजला. चेंडू जाळीतून खाली आला आणि हॉल फुटल्यासारखा ओरडला. माणसं मैदानात धावली. फ्राऊ केस्लर यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

रेफ्री मात्र टेबलाकडे आला. त्या जुन्या हॉलमध्ये जाळीमागच्या फळीला वेळ संपताच पेटणारा दिवा नव्हता. त्याने सुधाताईंना विचारलं, भोंगा वाजला तेव्हा चेंडू कुठे होता?

ओरडा विझत गेला. सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. तेवढ्यात मागून श्रीरंगरावांचा आवाज आला, स्वच्छ मराठीत. जर्मन हॉलमध्ये मराठी म्हणजे आपली घरातली खोली, असं ते धरून चालले होते.

“अगं, सुटला होता म्हण. कुणाला कळतंय?”

चार पावलांवर उभ्या असलेल्या उत्कर्षने मान वळवली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

सुधाताईंनी संथ जर्मनमध्ये सांगितलं, की चेंडू अजून हातातच होता. रेफ्रीने हात आडवे हलवून गुण रद्द केला. पाहुणे एकमेकांच्या अंगावर पडले. लुकास जिथे होता तिथेच बसला.

कुणी काही लागट बोललं नाही. फ्राऊ केस्लर केकची ताटं आवरायला गेल्या, आणि त्या एकेक ताट फार जपून उचलत होत्या. सुधाताईंनी भोंग्याची वायर गुंडाळली, घड्याळाच्या पेटीवर कापड घातलं, टेबल पुसलं. पुसायचं काही नव्हतं.

दाराशी श्रीरंगरावांनी गाठलं. तोवर उत्कर्षने वाकून त्यांना नमस्कार केला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरलेला. खालच्या आवाजात म्हणाले, “तो पोरगा मराठी आहे हे तुला माहीत होतं. त्याने ऐकलं म्हणून तू नाही म्हणालीस ना?”

सुधाताईंनी स्वेटरची बटणं लावली. त्या मुलामुळेच ही नाही म्हणाली, असं आता क्लबातही बोलतील, मंडळातही, हे त्यांना दिसत होतं. खरं होतं ते सांगितलं, आणि तेही आता त्यांचं एकटीचं राहिलं नव्हतं.

“अहो, तो नसता तरी चेंडू हातातच होता.”

गाडी समोर उभी होती. श्रीरंगरावांनी दार उघडून धरलं. त्या गाडीला वळसा घालून ट्रामच्या थांब्याच्या रस्त्याला लागल्या, शतावरीच्या शेताच्या कडेने, नेहमीच्या सावकाश चालीने. श्रीरंगराव उघडं दार धरून बघत राहिले. हॉलच्या पायरीवर ओल्या केसांचा उत्कर्ष खांद्यावर पिशवी घेऊन थांबला होता, आणि काचेच्या आतून, हातातलं ताट तसंच धरून, फ्राऊ केस्लर बघत होत्या.