मार्गरेटचा ब्राँझचा कुत्रा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. हे पोटात ठेवून जगता येत नाही असं वाटतंय का तुला? येतं की. मी जगतेच आहे.

इथे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला, आमच्या शेजारी मार्गरेट राहायची. ऐंशीची, एकटी. नागपूरहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली आणि या दोघींचं कसं जमलं कोण जाणे! एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. तरी रोज अकराला मार्गरेटकडे चहा. आईला इथे दुसरं होतं तरी कोण?

हिपच्या ऑपरेशनला जाताना मार्गरेटने तिचा ब्राँझचा शिकारी कुत्रा आमच्याकडे ठेवला. तिच्या नवऱ्याने लग्नात दिलेला, जुना, फ्रेंच. तिकडे म्हणे आयुष्यभर फक्त जनावरंच घडवणारे शिल्पकार होते. ओतकाम झालं की आम्ल लावून, तापवून ते त्यावर काळपट तपकिरी रंग चढवायचे — सगळा जीव त्या रंगात. मार्गरेटने हे मला सांगितलं होतं. मी फोन बघत हो हो केलं होतं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पितळेची बुद्धमूर्ती घासायला काढली. चिंच, मीठ, काथ्या. आणि — कुत्राही घेतला. किती कळकट दिसतोय, मार्गरेट खूश होईल! आई म्हणाली, "अगं, त्याचा रंगच तसा असेल. राहू दे." मी ऐकतेय कसली! पाठ, मान, कान — घासतच गेले. नव्या भांड्यासारखा लखलखीत केला.

मार्गरेट काठी टेकत आली, बघितलं आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. कोणी केलं, एवढंच विचारलं. मी म्हणाले — माय मम. वय झालंय, कळत नाही तिला.

आई तिथेच उभी होती. 'मम' एवढंच तिला कळलं, म्हणून ती हसली आणि चहाचा कप पुढे केला. मार्गरेटने तो घेतला नाही.

पुढे अकराला ते दार उघडलं नाही. आई जायची, बेल वाजवायची, परत यायची. "माझं काय चुकलं गं?" — किती वेळा विचारलं तिने! मी म्हणायचे, ही माणसं अशीच असतात. चार पावलांवर दार होतं. मी गेले नाही. घाबरले — दुसरं काही नाही.

आता दोघीही नाहीत. मार्गरेट आधी गेली, मग तिकडे नागपूरला आई.

इथून निघताना आईने चिवड्याचा डबा भरून ठेवला होता. मार्गाताईला दे, म्हणाली, आणि माझं काही चुकलं असेल तर माफ कर म्हणावं.

तो डबा मी दिला नाही. आम्हीच खाऊन संपवला.