फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

आमच्या मलकापूरच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपीची मुलं शिकायला येतात. लकवा मारलेल्या माणसाला अंघोळ, कपडे, जेवण पुन्हा स्वतःचं स्वतः करायला शिकवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यावर देखरेख करणारे सर मात्र खाटेपर्यंत कधी येतच नाहीत. पेनाचं टोपण दातात धरून दारातूनच "झालं? गुड!" म्हणतात आणि उभ्याउभ्या तपासणीच्या फॉर्मवर सही ठोकतात. मी तिथली सिस्टर. माझं डोकं रोज फिरतं.

वडूजकडच्या एका आजोबांना घरी सोडताना त्या शिकाऊ मुलांतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, घरी संडास कसला आहे?"

सर खेकसले, "फॉर्ममध्ये आहे का हा प्रश्न? इथं कमोडवर बसतात ना? मग लिही, मदत लागत नाही!"

पंधरा दिवसांत आजोबा खुबा मोडून परत आले. घरचा संडास उकिडवं बसायचा, उठताना पडले. या वेळी सर खाटेपर्यंत आले आणि त्या मुलीलाच म्हणाले, "साधी चौकशी करता येत नाही तुम्हाला?"

 मी तोंड उघडणार, एवढ्यात आजोबा कण्हत म्हणाले, "आवं सायेब, पोरीनं इचारलं हुतं की. तुमीच गप बसवलं तिला."