चाचींच्या मापाची मूठ

वादी अदाईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हातात धरता येईल अशी एकही वस्तू वरच्या मजल्यावरच्या चाचांच्या तावडीतून सुटलेली नाही. डाव, कालथा, छत्री, पोछ्याचा दांडा, गाडीचा गिअर, जे दिसेल त्याला हा माणूस दोरी गुंडाळतो. मूळचे रत्नागिरीकडचे, पण इकडे आखातात मत्रहच्या बंदराजवळ होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात उभा जन्म गेला. लोकांच्या खिशात रुमाल असतो तशी ह्यांच्या खिशात मेण लावलेली बारीक दोरी. दुकानाच्या अर्बाबची, म्हणजे अरबी मालकाची, काठीसुद्धा त्यांनी सोडली नाही. त्याच्या कमरेचा खंजीर तेवढा वाचला, तोही मुठीवर चांदी आहे म्हणून; नाहीतर बिचारा ईदला दोरी मिरवत गेला असता! माझ्या लेकीनं एकदा कौतुकानं नवी रॅकेट दाखवायला नेली आणि रडवेली होऊन परत आली, "मम्मी, चाचांनी रॅकेटला स्वेटर घातला."

बरं, नुसतं गुंडाळून भागत नाही. दोरीचा एक फास आधी मुठीच्या लांबीत ठेवायचा, त्याच्यावरून वेढ्याला वेढा चिकटवत यायचं, उरलेलं टोक फासात घालायचं आणि दुसरीकडून ओढायचं, की गाठ आत गडप. गाठ दिसली तर चाचांना भर बाजारात अंगरख्याची शिवण उसवल्यासारखं वाटतं. चाची ह्यावर दिवसभर बोलत. दिवसभर म्हणजे दिवसभरच. त्यांचं बोलणं ऐकत आमच्या घरात भात शिजायचा. निकाहनंतर हा माणूस माझ्याही मनगटाला वेढे देतो की काय, अशी धास्ती होती म्हणे त्यांना.

मग गेल्या हिवाळ्यात चाची न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही पुरती मिटेनात. बांगड्याला चिरा द्यायची त्यांची छोटी सुरी हातातून निसटून ओट्यावर पडायची. चाचा स्वतः मासळी कापू लागले, म्हणजे अर्ध्या मासळीवर मांजरांची सोय झाली. ह्यावर एरवी चाचींनी त्यांची सालटी काढली असती. पण त्या खुर्चीत गप्प बसून राहिल्या. एके दिवशी तर म्हणाल्या, खलास, आता बाहेरूनच मागवत जाऊ. हे सांगायला चाचा खाली आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. चाची गप्प झाल्या तर त्या घरात उरतं काय, हे मलाही कळत होतं.

अर्थात उपाय एकच, दोरी. पहिल्यांदा त्यांनी सुरीची मूठ अशी देखणी गुंडाळली की बघत राहावं, पण चाचींच्या हातातून ती तशीच सुटली. मग जाड गुंडाळली, तर बोटं पोचेनात. तेव्हा कुठे ह्या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की आजवर बिल्डिंगमधली प्रत्येक मूठ आपण स्वतःच्या मुठीवर मापलीय! दुसऱ्या दिवशी माझ्याकडे भाकरीच्या उकडीचा गोळा मागायला आले. मला वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी तो गोळा चाचींच्या हातात दिला आणि जमेल तेवढा दाबायला सांगितला. दाबलेला गोळा गॅलरीत ठेवला. आमच्याकडच्या उन्हात संध्याकाळपर्यंत त्याचा दगड झाला. मग तो समोर ठेवून जिथे उंचवटा तिथे दोरी चढव, जिथे बोटाचा खड्डा तिथे उतरव, असं त्यांचं चाललं. चुकलं की सगळं सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असली ओबडधोबड मूठ त्यांनी आयुष्यात केली नसेल.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. चाचींनी सुरी घेतली. ती हातात बसली. पहिल्या बांगड्यावरची चीर तिरकी गेली, दुसऱ्यावरची त्याहून तिरकी, पण सुरी सुटली नाही. मी ओट्याशी उभी, चाचा दोरीचं रीळ छातीशी धरून उभे. तिसरा बांगडा हातात घेता घेता चाची मान वर न करता म्हणाल्या, "तोंड काय बघताव? हळद-मीठ आणा." आणि मग मसाला कुठे ठेवलात, कोकमं कुणी सांडली, हे घर आहे की होडी, अशी जी सुरुवात झाली ती थांबेना. चाचा हळद आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

नंतर सुरी मी धुतली. सहज मुठीत धरून पाहिली, इकडून फिरवली, तिकडून फिरवली. माझं एकही बोट तिच्या खड्ड्यात बसेना. एवढी नामी वस्तू आपल्याकडेही हवी असं वाटून मी चाचांना म्हटलं, मलाही एक अशी करून द्या ना. चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हटलं.

"तुमचा हात धड हाय, ताई," ते हळूच म्हणाले. "तसाच ऱ्हावू दे."

मी सुरी पुसली आणि चाचींच्या उजव्या हाताशी ठेवली.