फक्त पाच मिनिटं बंद

सर्व्हर सांभाळणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. नुसतं ‘अपडेट टाकायचंय’ म्हणायचं, ते आपोआप साचतात. आमच्या वधूवर मंडळाचेच घ्या. मी नोकरी करते हडपसरला आणि शनिवारी मंडळाची वेबसाइट फुकट सांभाळते. म्हणजे चूक माझीच!

* * *

मध्यंतरी बातमी आली, की आमच्या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलंय. पासवर्ड न देता कुणीही आतल्या नोंदी वाचू शकेल. मुलामुलींचे पत्ते, फोन, पगार, सगळं. शिवाय ‘खासगी टिपण’ नावाचा रकाना, जो ज्याचा त्यालाच दिसेल असं आम्ही वचन दिलंय.

मी सचिव आपटेकाकांना सांगितलं, अपडेट टाकायला वेबसाइट पाच मिनिटं बंद ठेवावी लागेल.

“भर लग्नसराईत? अगं, बंद ठेवायला ते काय दुकान आहे?”

मंडळाचं ऑफिस काका स्वतः रोज एक ते चार बंद ठेवतात.

* * *

फोनवर बसणाऱ्या मोघेकाकूंनी विचारलं, भोक कुणी पाडलं? म्हटलं, सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी. मग त्यांनाच बुजवायला सांग, म्हणाल्या. म्हटलं, त्यांनी बुजवलंय, तेच तर अपडेट.

“मग झालं की!” म्हणाल्या आणि पुढचा फोन उचलला.

* * *

पुढच्या शनिवारी पाहते तर काकांनी परस्पर उपाय केलेला. वेबसाइटच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत सूचना: ‘या वेबसाइटमध्ये सुरक्षेची त्रुटी आहे. कृपया गैरफायदा घेऊ नये. – सचिव.’

सूचना टाकायचा पासवर्ड त्यांना मीच दिला होता.

* * *

ती सूचना वाचून धायरीच्या एका मुलाने खरंच आत डोकावून पाहिलं आणि भोक अजून उघडं आहे हे सांगायला बिचाऱ्याने फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग उंची, शिक्षण, नोकरी विचारून त्याचीच नोंदणी करून टाकली.

“मुलगा प्रामाणिक आहे गं,” मला म्हणाल्या.

* * *

शेवटी माझं डोकं फिरलं. काकांना म्हटलं, थांबा, दाखवतेच. एखादी खोटी नोंद करून ती उघडते.

काका म्हणाले, खोटी नको, खरी दाखव. पण दुसऱ्यांच्या मुलींचं कशाला बघायचं, आमच्या केतकीची उघड. केतकी त्यांची मुलगी. महिनाभर मागे लागून त्यांनी तिला फॉर्म भरायला लावला होता. मी दोनदा नको म्हटलं. काकांना वाटलं, मला जमत नाहीये.

उघडली. पासवर्ड न देता. काका वरपासून एकेक ओळ वाचत खाली आले. उंची, शिक्षण, नोकरी. सगळ्यात खाली खासगी टिपण होतं: ‘मला लग्न करायचं नाहीये. बाबांना सांगायचा धीर होत नाही.’

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“किती वेळ बंद ठेवावी लागते म्हणालीस?” काकांनी विचारलं.

“पाच मिनिटं, काका.”

“चारपर्यंत असू दे बंद,” म्हणाले, आणि एकला दहा मिनिटं असतानाच घरी निघाले.