म्हाईच्या पंगतीत ठरलेला सौदा

माझ्या मित्रानं मला फसवलं. मी मांसाहार सोडला तर तो कोंबड्यांची शेड बंद करणार होता. मी सोडला. शेड चालूच आहे.

आम्ही शिरोळकडच्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. कोल्हापुरात येऊन मी मोटारी दुरुस्त करायला शिकलो, पुढं राजारामपुरीत स्वतःचं दुकान टाकलं आणि त्या कमाईतून गावी विहिरीसकट जमिनीचा तुकडा घेतला. वरच्या अंगाला मित्राचं रान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं त्यानं शेड घातली. पावसाळ्यात शेडची घाण ओघळानं माझ्या विहिरीत उतरू लागली. वस्तीवरच्या बायका तिथलंच पाणी प्यायला नेत. त्या घागरी घेऊन लांबच्या हापशावर जाऊ लागल्या.

गावची म्हाई होती. त्या दिवशी देवीच्या नावानं घरोघरी पै-पाहुण्यांना मटणाचं जेवण असतं. त्याच्याच घरी, त्याच्याच पंगतीत मी विषय काढला.

"तुझ्या शेडपायी पाणी नासलंय."

"आणि रविवारी माझ्याकडनं कोंबडी कोण न्हेतंय? तीबी भाव पाडून." पंगत हसली.

"खायचं बंद केलं तर शेड बंद करशील?"

"कोंबडी, मटण, समदं सोडून दाव. पुढच्या म्हाईला शेड बंद. हे पावणं साक्षीला हाईत की."

माझं डोकं फिरलं. ताट अर्धवट सोडून उठलो.

सुरुवातीला फक्त त्याला हरवायचं होतं. रविवारी घरात रस्सा शिजायचा, म्हणून मी दुकानातच डबा खायचो. शटर अर्धं ओढलेलं, समोर मटकीची उसळ. दोस्तांनी बोलावणं बंद केलं. "तुला काय वाढायचं, लेका?" म्हणायचे.

एकटा जेवताना माणूस हिशेब करतो. शेडला मक्याचे ट्रक येत. आमच्याकडं पूर्वी जोंधळ्यात मटकी, तूर असायची. त्या रानांत आता खाद्यासाठी मका. एवढा मका, तो पिकवायला एवढं पाणी, आणि हाती काय, तर थोडं मांस आणि ढीगभर घाण. असा व्यवहार घेऊन कुणी दुकानात आला असता तर मी त्याला पायरीही चढू दिली नसती. तेच रान मटकी-तुरीला दिलं तर कमी पाण्यात जास्त माणसं जेवतात. हे कळल्यावर मग नुसतं त्याला हरवायला मांस सोडलंय असं उरलं नाही.

पुढच्या म्हाईला गेलो. सोप्यात, पंगतीपासून बाजूला, माझं एकट्याचं ताट मांडलं होतं.

"शेडचं काय?"

"आरं, चेष्टा हुती ती. बस, तुझ्यासाठी वांगं केलंय."

मी साक्षीदारांकडं बघितलं. सगळे वाटीत बघत होते. एकानं रस्सा मागितला.

त्यानंतर मला म्हाईचं आवतण आलं नाही. मी अजून मांस खात नाही. मका-पाण्याचा तो हिशेब चुकलेला नाही. रानात गेलो की विहिरीवर एकटाच बसतो. काठावर घागरींनी पडलेले खळगे आहेत, घागरी नाहीत.

तो बोलणार नाही, हे मला माहीत आहे. पण पावण्यांनो, त्या पंगतीत तुम्ही साक्षीला होता. शब्द दिला तेव्हा हसलात, मोडला तेव्हा जेवत राहिलात. मी माझी बाजू पाळली. आता तुम्ही सांगा, हे पाणी कोण साफ करून देणार?