अर्नाळ्याच्या रेजिनामावशींची झडप

"पाणी सोडा," मॅडम म्हणाल्या.

थांबवलेल्या हृदयात सलाईन भरलं. दुरुस्त केलेली झडप नीट मिटली तर पाणी आतच राहतं. स्क्रीनवर बघतो तर एका कोपऱ्यातून बारीक धार उडत होती. मी घड्याळाकडे पाहिलं.

मी परफ्युजनिस्ट. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की पेशंटचं रक्त फिरवायला हार्ट-लंग मशीन लागतं, ते मी चालवतो. टेबलावर होत्या रेजिनामावशी, अर्नाळ्याला मासे विकणाऱ्या. हृदयाच्या डाव्या बाजूची त्यांची मायट्रल झडप गळत होती. आदल्या दिवशी त्यांनी आमच्या सर्जन मॅडमना बजावलं होतं, "माजी हाय तीच शिवा. नवी नको. आमचा हात दिवसभर कोयत्यावर."

म्हणणं रास्त होतं. मावशी पन्नाशीच्याही आतल्या. दुरुस्ती फसली तर धातूची झडप बसवावी लागणार, आणि मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. मासे कापताना बोट कापलं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणजे धंद्यालाच रामराम.

हे ऑपरेशन रोबोटच्या मदतीने चाललं होतं. रोबोट म्हटलं की लोकांना वाटतं, तोच ऑपरेशन करतो. तसलं काही नाही. मॅडम कोपऱ्यात कन्सोलवर बसतात. त्यांची बोटं हलतील तसे बरगड्यांमधल्या छोट्या भोकांतून आत गेलेले यांत्रिक हात हलतात. हे यंत्र आलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मी मशीनवाला खरा, पण दुसऱ्याच्या मशीनवर माझा विश्वास जरा कमीच.

"मॅडम, हृदय थांबवून बराच वेळ झालाय," मी म्हटलं. हे सांगणं माझं कामच.

"माहीत आहे. नवी झडप काढून ठेवा."

सिस्टरनी पाकीट हातात घेतलं. "फोडू?"

"थांबा जरा. कॅमेरा जवळ घेते."

स्क्रीनवर झडप पोळीएवढी दिसायला लागली. तिच्या दोन घड्यांमध्ये एक फट होती. एरवी नजरेतून निसटलीच असती. सुई घेतलेला तो हात अशा कोनात वळला की माणसाचं मनगट वळूच शकत नाही. थरथर नावाला नाही. एक टाका पडला.

पुन्हा पाणी सोडलं. धार गायब! मी मास्कच्या आत चक्क हसलो. हृदय सुरू झाल्यावर इकोतही गळती दिसली नाही. सिस्टरनी पाकीट न फोडताच परत ठेवलं.

वॉर्डात भेटायला गेलो तेव्हा मावशी उठून बसल्या होत्या.

"झडप तुमचीच आहे," मी म्हटलं. "आधाराला एक कडं आणि थोडे टाके घातलेत. गोळ्या काही महिने, मग बंद."

त्यांनी छातीच्या मधोमध हात फिरवून पाहिला. तिथे कापल्याची खूणही नव्हती.

"एवड्यासाठी एवडं मोठं मशीन आनलं?"

हो, मावशी. छाती उघडायला साधी करवत पुरते. न उघडता काम भागवायचं तर एवढं मोठं मशीन लागतं.