हात जाईल एवढी खाच

कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण एकतीस वर्षांत ड्रॉइंग बोर्डवर मारलेली त्यांची रेघ खोडायची कुणाची छाती झाली नव्हती. आता तो बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा होता. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, आज कॉम्प्युटरवर काम जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून स्टोअरमध्ये बदली.

काम तसं चिमूटभर. दवाखान्यातल्या खाटेच्या फळीला हात घालून उचलायची लांबट खाच. दोन सरळ रेघा, दोन्ही टोकांना अर्धगोल. मास्तरांनी ती सुरेख काढली आणि हलू नये म्हणून प्रत्येक रेघेला, प्रत्येक अर्धगोलाला कुलपाचं चिन्ह लावून टाकलं.

साहेब डोकावले. "छान. पण हातमोजा घातलेला हात जात नाही म्हणे. रुंदी चार मिलिमीटर वाढवा, मी जेवून आलोच."

मास्तरांनी आकडा बदलला. पडद्यावर अख्खी खाच लालभडक झाली, म्हणजे चूक. पुन्हा बदलला. पुन्हा लाल.

शेजारच्या टेबलावरची पोरगी खुर्ची सरकवत आली. "अहो काका, तुम्ही तर सगळ्यांना जन्मठेप दिलीय!"

"मग काय मोकाट सोडू?"

"मोकाट नाही. कुणी कुणाला धरून राहायचं, तेवढं सांगायचं."

कुलपं काढताना मास्तरांचा हात जड झाला. माउसला जरा धक्का लागला आणि अर्धगोल रेघेपासून सुटला. मधल्या काळ्या फटीत आपली एकतीस वर्षं ओघळून जातायत, असं त्यांना वाटलं.

"आता हा गोल त्या रेघेला नुसता टेकला पाहिजे, कापता कामा नये," पोरगी म्हणाली.

"म्हणजे रेघ त्याची स्पर्शिका!" मास्तर ताठ बसले. "सरक बाजूला."

रेघा एकमेकींना समांतर. दोन्ही गोल दोन्ही रेघांना स्पर्श करणारे. खाचेचा मधला बिंदू आला तसे ते घुटमळले. "हा एक राहू दे कुलपात?"

"एक लागतोच, काका. नाहीतर अख्खी खाच जागा सोडेल."

त्यांनी आकडा टाकला. रेघा दूर सरकल्या आणि गोल त्यांना न सोडता फुगले, छातीत श्वास भरावा तसे.

साहेब परतले, वाकून बघितलं. "सहा करा बरं." सहा झाले. "बास. सोमवारी खाटेच्या पायांचं ड्रॉइंग तुमच्याकडे."

"थांबा हो," मास्तर म्हणाले, "आठ करून बघू द्या."